शिडाच्या बोटीवरचं स्थळ

मुलीला स्थळ आलं की मुलाचं घर बघायला जावं, आणि ते घर निदान एका जागी उभं असावं, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. हे घर अंदमानात होतं, पाण्यावर होतं आणि आम्ही बघत असताना डुलत होतं!

नितीन मूळचा आसनगावचा, आमच्या पल्लवीच्या कॉलेजातला. (कॉलेजात नक्की काय शिकवतात ते मला तेव्हा कळलं.) आता तो एका शेठच्या शिडाच्या बोटीवर कप्तान आहे आणि राहतोही बोटीवरच. मी मुरबाडच्या पुढचा, धरणाकाठचा माणूस. वाऱ्याच्या भरवशावर जगणाऱ्या पोराला मुलगी द्यायची नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. पण पल्लवीही माझीच पोर.

"बाबा, आधी बघा. मग नाय म्हणा."

म्हणून बायको आणि पल्लवीला घेऊन मी खास नाही म्हणायला विमानाने गेलो!

शेठला विचारून नितीनने आम्हा तिघांना एका निर्जन बेटाकडे न्यायला घेतलं. शीड फुगलं, बोट एका अंगावर कलली आणि मी हाताला लागेल ते धरलं.

"इंजिन का रे बंद केलंस?"

"वारा आहे ना, काका."

"आणि पडला तर?"

"थांबायचं."

"किती वेळ?"

"येईपर्यंत."

दोष पहिला! मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. ती पाय पसरून शेंगदाणे खात होती. "किती गार वाटतंय हो!" म्हणाली. घरभेदी कुठली.

बेटावर टपरी नाही, माणूस नाही, नेटवर्क नाही. नुसती पांढरी वाळू आणि मागे रान.

"इथे बघायचं काय?" मी विचारलं.

"काय नाय, काका. तेच बघायचं."

दोष दुसरा, आगाऊपणा!

मोठी बोट खोल पाण्यात नांगरून आम्ही रबरी होडीने किनाऱ्याला आलो होतो. ती होडी नितीनने वाळूवरून ओढत ओढत पार वर नेली आणि एका झाडाला बांधली. पाणी कुठे, होडी कुठे! मग तो दोघींना शिंपले दाखवायला पलीकडच्या टोकाला घेऊन गेला. मी सावलीत बसून दोष तिसरा मनात नोंदवला: अक्कल नाही. परत जाताना बायकोने एवढी वाळू तुडवायची? म्हटलं, आता पोराला दाखवतोच सासऱ्याचं डोकं. गाठ सोडली, घाम गाळत होडी थेट पाण्याच्या कडेला आणून ठेवली. तिथे बांधायला काही नव्हतं, पण गरजही नव्हती. आमच्या धरणावर सकाळी काठाला लावलेली होडी संध्याकाळी तिथेच असते. मग परत सावलीत आलो आणि समाधानाने आडवा झालो.

जाग आली ती पाय भिजले म्हणून. बघतो तर पाणी झाडापर्यंत आलेलं! आमच्याकडे नदी अशी चढली की धरणाकाठच्या माणसाला एकच सुचतं.

"पाणी सोडलंय रेऽऽ! दरवाजे उघडले! वर पळा!"

परतणाऱ्या बायकोने हे ऐकलं मात्र, ती पदर खोचून टेकाडावर चढलीसुद्धा. (तीस वर्षांचा संसार फुकट जात नाही.)

नितीन धावत आला. "काका, इथे कोण पाणी सोडणार? भरती आहे."

भरती मला माहीत नव्हती असं नाही. शाळेत पाच मार्कांना यायची. पण ती अशी अंगावर येईल असं मास्तर बोलले नव्हते!

"होडी कुठाय?"

मी हात करून समुद्राकडे दाखवलं. आमच्या भाकऱ्या, चपला आणि परतीची वाट घेऊन होडी लांब मोठ्या आनंदात चालली होती.

"मी बांधलेली ना?"

"मी सोडली."

"काय केलंत?" टेकाडावरून बायको ओरडली.

"तुझ्यासाठीच केलं गो!"

नितीनने शर्ट काढला आणि तो पाण्यात शिरला. त्याचं डोकं लहान लहान होत गेलं, मग लाटांमागे दिसेचना. पल्लवीने माझा दंड घट्ट धरला. रडली असती तर बरं वाटलं असतं, पण ती रडतही नव्हती. हे लेकरू माझ्या शहाणपणापायी बुडालं तर त्याच्या आईला तोंड कसं दाखवू? वारा, आगाऊपणा, अक्कल, सगळे दोष विसरलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो,

"जावई! ओ जावईबापू! होडी गेली खड्ड्यात, तुमी परत या!"

बऱ्याच वेळाने तो आला, होडीत बसून, वल्हं मारत.

"बाबा, काय म्हणालात?" पल्लवीने विचारलं.

"परत ये म्हणालो."

"जावई म्हणालात."

"मीपण ऐकलं!" टेकाडावरून आवाज आला. ही बाई अजून खाली उतरली नव्हती!

नितीनने होडी ओढली, झाडाला बांधली आणि धापा टाकत म्हणाला, "मामा, भाकऱ्या कोरड्या आहेत." आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मी गुपचूप भाकरी मोडली.

गेल्या महिन्यात आसनगावला लग्नाच्या याद्या झाल्या. हुंडा नको, मानपान नको, मुलाकडच्यांची कागदावर एकच अट: मुलीच्या वडिलांनी जावयाच्या बोटीवर हवे तितके दिवस राहावं, पण बांधलेलं काहीही सोडू नये. चारचौघांत मी मान खाली घालून पेन उघडलं, तर साक्षीदार म्हणून बायकोची सही आधीच झालेली होती!