प्रेमशिळेवरचं कातडं

नदीकाठच्या त्या गावात न्हाव्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्या पाट्या एकाच हातच्या होत्या. त्या हाताच्या मालकाला सगळे पेंटरच म्हणायचे. बायको होती तेव्हा तीही पेंटरच म्हणायची. ती गेली, मुलगी लग्न होऊन दूर गेली, तेव्हा पेंटर आपले डबे आणि ब्रश घेऊन थोरल्या बहिणीकडे राहायला आला. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत रंग, मागच्या खोलीत ताई. टर्पेंटाइनच्या वासाबद्दल तिची तक्रार नव्हती. "बरा आहे रे," ती म्हणायची, "नाक धुऊन निघतं."

चौदाव्या वर्षापासून अठ्ठेचाळिसाव्यापर्यंत ताईने पुलाखालच्या कारखान्यात कातडी खरवडली होती. चुन्याच्या हौदात आठवडाभर भिजलेलं कातडं नदीतल्या मोठ्या सपाट दगडावर पसरायचं, दोन मुठींच्या सुरीने केस काढायचे, मग उलटं करून चिकटलेलं मांस काढायचं. चुन्याने तिची नखं गेली ती पुन्हा धड आलीच नाहीत. लहानपणी पेंटर तिच्या शेजारी जेवायला बसायचा नाही. ताट उचलून दाराशी जायचा. ताई त्याला तिथे नेऊन वाढायची. तिच्याच कमाईवर तो शाळेत गेला, अक्षर वळणदार झालं, आणि त्या अक्षरावर पुढे त्याचं पोट भरलं.

कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली. नदी निवळली, आणि अचानक सगळ्यांना दिसायला लागलं की हे खोरं सुंदर आहे. बाजारपेठेच्या टोकाला पर्यटन कार्यालय उघडलं. तिथल्या मॅडमनी पेंटरला बोलावून चाळीस पाट्यांचं काम दिलं.

"छापील नकोत. हाताने रंगवलेलं अस्सल वाटतं," त्या म्हणाल्या.

जुना पूल, पाणचक्की, बगळ्यांचं बेट. सोळा पाट्या पेंटरने मन लावून केल्या. सतराव्या पाटीचा कागद हातात आला आणि त्याने तो दोनदा वाचला.

"प्रेमशिळा. शेकडो वर्षांपूर्वी एका विणकराच्या लेकीने प्रियकराची वाट पाहत या शिळेवर प्राण सोडले. शिळेला स्पर्श करून मागितलेलं प्रेम मिळतंच."

"मॅडम, हा तर कातड्यांचा दगड."

"माहितीये मला. पण सुट्टीवर आलेल्या माणसाला कातडी कशाला ऐकवायची?"

"मग ही विणकराची लेक कुठनं आणली?"

"सुचली," मॅडम हसून म्हणाल्या. "छान आहे ना?"

पेंटर नाही म्हणू शकला असता. म्हणाला नाही. उलट 'प्राण'मधला ण वळवताना त्याचा हात नेहमीसारखाच रंगला, अक्षराभोवती त्याने निळ्या वेलीही काढल्या. याचीच त्याला पुढे सगळ्यात जास्त शिसारी आली.

महिनाभरात बसगाड्या लागल्या. जोडपी दगडावर लोळू लागली. कुणी त्याचे मुके घेई, कुणी खिळ्याने नावं कोरी. पाण्यात बाटल्या, चिप्सची पाकिटं, एकदा तर लहान मुलाचा भरलेला लंगोट पाटीच्या खांबाला अडकून फडफडत होता. एक गृहस्थ दगडाला कपाळ टेकून रडत होते आणि त्यांची बायको त्याचा व्हिडिओ काढत होती. ज्या जागी मांसाचे आणि केसांचे लगदे वाहून जायचे तिथे हे लोक ओठ टेकवत होते, आणि ते त्याच्याच अक्षरांच्या भरवशावर.

एका सकाळी ताई काठी टेकत तिथे गेली. पाटी तिने बोट फिरवत वाचली. संध्याकाळी भाजी चिरता चिरता म्हणाली, "अक्षर झकास आलंय."

पेंटर ब्रश धूत राहिला.

"पण काय रे, त्या पोरीने नुसती वाट पाहिली तर तिची पाटी लागली. आम्ही चौतीस वर्षं तिथे वाकलो."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते चाकू न थांबवता म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, लोकांच्या देखत, पेंटरने सतरावी पाटी पांढरी केली. रंग वाळला तसं त्याने लिहिलं: "या दगडावर गावातल्या बायका कातडी खरवडत. चुन्याने त्यांची नखं जात. वासामुळे त्यांच्या शेजारी त्यांची सख्खी भावंडंही बसत नसत."

मॅडम आता अंगावर येणार याची त्याने तयारी ठेवली होती. मॅडम आल्या त्या टाळ्या वाजवत.

"अहो, किती जिवंत! हीच खरी परंपरा! तुमच्या ताई अजून आहेत ना? आपण प्रात्यक्षिक ठेवू. दर शनिवारी. त्यांनी फक्त बसायचं आणि करून दाखवायचं."

पेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी बहीण काय तमाशा आहे?" तो ओरडला. पण निरोप ताईच्या कानावर गेलाच, आणि ती शांतपणे म्हणाली, "येते म्हणावं. पण पंधरा दिवसांनी. दाखवायचं तर नीट दाखवू."

त्या शनिवारी तीसेक पाहुणे गॉगल लावून जमले. मॅडमनी पांढराशुभ्र एप्रन आणि मऊ, चकचकीत कातड्याचा तुकडा पुढे केला.

"हे पर्सचं कातडं आहे, बाई," ताई म्हणाली. "पेंटर, आण ते."

पेंटरने हातगाडीवरून पिंप उतरवलं. खाटकाकडून आणलेलं अख्खं कातडं त्यात दहा दिवस चुन्यात मुरत होतं. झाकण निघालं आणि पुढची रांग मागच्या रांगेवर कोसळली. ताईने कातडं ओढून दगडावर पसरलं, सुरी दोन्ही मुठींत धरली आणि खरवडायला सुरुवात केली. राखाडी, चिकट लगदा पाण्यात पडू लागला. कुणी झुडपामागे पळालं, कुणाला तेवढाही वेळ मिळाला नाही. मॅडम रुमालातून "बास! बास!" म्हणत होत्या.

"अजून उलटी बाजू राहिली," ताई म्हणाली. "मजा तर तिकडेच आहे."

उलट्या बाजूपर्यंत एकच जण टिकली. परगावची एक नर्स. तिने बाह्या सरसावल्या आणि म्हणाली, "आजी, मी करून बघू?"

"तोंडाने श्वास घे. सुरी आडवी धर, नाहीतर कातडं फाटेल."

नर्सने दोन हात मारले, बाजूला जाऊन ओकली, चूळ भरली आणि परत येऊन तिसरा हात मारला. ताईने तिचं मनगट धरून कोन दाखवला. तासभर दोघी वाकून काम करत होत्या, आणि पेंटर नाकाला हात न लावता बादलीने पाणी ओतत होता.

बसगाडी निघून गेल्यावर दगडावरच्या उलट्या भावाबहिणीनेच धुतल्या. "आपलं कातडं परवडलं," ताई नाक मुरडत म्हणाली.

प्रात्यक्षिकाचा विषय पुन्हा निघाला नाही. उरलेल्या तेवीस पाट्यांचं काम पेंटरकडून काढून घेतलं. आठवड्यात दगडापाशी छापील फलक लागला. त्यावर विणकराची लेक आली, चित्रासकट, केसात फुलं माळलेली. लोक पुन्हा मुके घेऊ लागले. पेंटर आता बाजारात जायला लांबचा, वरच्या अंगाचा रस्ता धरतो. कुणी कारण विचारलं तर फक्त थुंकतो.