नऊ माळा अनवाणी

सर्वपित्री अमावास्या तोंडावर आली होती. मी नि अक्का सांगलीच्या पेठेतून टिपऱ्या, लटकनं, चमकीच्या लेसा असा सगळा माल घेऊन विश्रामबागेत परतलो आणि रिक्षा कोपऱ्यावर सोडून दुकानाकडे चालू लागलो. मागून भाजीवाली ओरडली, "आवं बाई, चप्पल हितंच राहिली की तुमची!" मी आधी माझ्याच पायांकडे पाहिलं, मग अक्काच्या. तिच्या उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय नुसता. चप्पल पार मागे, रसवंतीच्या दारात पालथी पडलेली. तेवढा रस्ता ती खडीवरून चालत आली होती आणि तिला पत्ताच नव्हता.

भाजीवाली हसली, अक्काही हसली. "म्हातारी झाले गं धाकटे," म्हणाली आणि मागे जाऊन चप्पल पायात सरकवून आली. मला काही हसू आलं नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. ती तासगावकडच्या खेड्यातली, मी साताऱ्याची. तोंडावर मी तिला अहो-जाहो करते, पण मनात आणि भांडणानंतर ती मला 'ती'च असते, म्हणून इथेही तसंच लिहिते. आम्हा दोघींचं अपार्टमेंटखाली एक दुकान आहे. वर्षभर फॉल-पिको आणि ब्लाउज. नवरात्र जवळ आलं की शिलाई मशीन भिंतीकडे सरकतं आणि दांडीवर चनिया-चोळ्या लटकतात, भाड्यानं द्यायला. नऊ दिवसांचे नऊ रंग कुणी ठरवले देव जाणे, पण ज्यानं ठरवले त्याचं भलं होवो. मोरपंखी रंग नक्की कुठला, यावर आमच्या काउंटरवर बायकांनी मैत्र्या तोडल्या आहेत.

चनिया-चोळ्या दुसरीकडेही मिळायच्या, अगदी शेजारच्या चौकातही. आमच्याकडे गर्दी व्हायची ती अक्कामुळे. रोज संध्याकाळी ती इमारतीच्या पार्किंगमध्ये गाड्या बाहेर काढायला लावायची आणि कॉलनीतल्या बायकांना नाचायला शिकवायची. गरबा ती मोबाइलवर बघून शिकली होती, पण त्यात तिनं हादग्याचा फेर घातला, झिम्मा घातला आणि शेवटी फुगडी. पंचावन्नाच्या पुढची, अंगानं भरलेली बाई, पण समोरचीच्या चवड्यांना चवडे भिडवून एकदा का गिरकी घेतली की बँकेतल्या मॅडम किंचाळत सुटायच्या आणि अक्का हसत राहायची. मी तिच्याशी फुगडी एकदाच खेळले, त्यानंतर तासभर मला भिंत धरावी लागली. तिचे पाय म्हणजे आमच्या दुकानाची पाटी होती. ते थांबले असते तर आम्ही पुन्हा नुसत्या फॉल-पिकोवाल्या झालो असतो, आणि अक्काचं काय झालं असतं, याचा विचार मी मुद्दाम करत नव्हते.

साखरेचं दुखणं तिला दोन वर्षांपूर्वी निघालं. डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले होते. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि एक बारीक नायलॉनचा दोरा तळव्यांना ठिकठिकाणी टेकवत गेले. टेकल्याचं कळलं की 'हो' म्हणायचं, एवढंच. अक्का गप्पच. बऱ्याच वेळानं म्हणाली, "लावा की डॉक्टर आता, कवाधरनं डोळं मिटून बसलीया." तिचे दोन्ही पाय तपासून झाले होते. ते दोरा ड्रॉवरमध्ये ठेवत होते.

डॉक्टरांनी मग तिला नाही, मला समोर बसवलं. म्हणाले, यांच्या पायांना आता खबर लागत नाही. घरातसुद्धा चपलेशिवाय फिरू देऊ नका. अक्कानं घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की डॉक्टर चांगले आहेत, हात लावला तरी समजत नाही.

आणि आमच्याकडे नवरात्र म्हणजे अनवाणी. घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत पायात काही घालायचं नाही. सांगलीत त्या दिवसांत बघावं, चांगल्या पगाराची माणसं स्कूटरवरून उतरतात आणि तापलेल्या डांबरावर चटके खात चहाला जातात. आमच्या सासूबाई करायच्या, त्यांच्यामागे अक्का लग्न झाल्या वर्षापासून करत आलेली. मी करत नाही, आणि त्यावरून मला जे ऐकावं लागलं ते वेगळंच.

अमावास्येच्या दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि भांडायला बसले.

"अक्का, या वर्षी तुम्ही चप्पल सोडायची नाही."

"आगं, नऊ दिसाचा तर परश्न हाय."

"पायांना काही कळत नाही तुमच्या. काही रुतलं तर?"

"रुतलं तर दुखंल की. दुखलं की काढू."

"दुखणार नाही, तेच सांगतेय मी!"

"मग बरंच हाय की," अक्का म्हणाली. "दुखत न्हाई तर त्याचं काय भ्या बाळगायचं?"

मला इतका संताप आला की मी हातातली कात्री टेबलावर आपटली. मोजे तरी घाला म्हटलं. मोजे घातल्यावर ते अनवाणी कसलं, असं तिनं विचारलं आणि ते खरंच होतं. "देवीला शबूद दिलाय गं. तुझा डाक्टर काय देवीच्या वरचा हाय व्हय?" तो माझा डॉक्टर कधी झाला, हे मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चपला धुतल्या, पुसल्या आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या. आवरून ठेवलेल्या त्या चपला मला बघवत नव्हत्या.

मी आपलं जमेल ते केलं. मंडपवाल्याकडून हिरवं गालिचासारखं कापड आणून पार्किंगभर अंथरलं. दुकान दिवसातून चारदा झाडायला लागले. पण त्या वर्षी ऊन काही केल्या हटेना. दुपारी रस्ता तापायचा आणि अक्का त्यावरून सावकाश चालत समोरून फुलं घेऊन यायची. बाकीच्या अनवाणी बायका उड्या मारत रस्ता ओलांडायच्या. ती एकटीच सावलीतून चालल्यासारखी यायची. फुलवाला मला म्हणालाही, "अक्कांची भक्ती लय मोठी हाय बगा."

पार्किंगच्या टोकाला कॉलनीची देवी बसते. ओटी भरायला बायकांची रीघ लागते, तिथलं हळद-कुंकू पायांना लागून आमच्या दुकानात येतं. पांढऱ्या फरशीवर दिवसभर लाल ठिपके. मी पुसायची, ते पुन्हा व्हायचे. तिसऱ्या-चौथ्या माळेपर्यंत मी त्यावरून कुरकुर केली, नंतर तेही सोडलं. गिऱ्हाईक सांभाळायचं की फरशी? चनिया-चोळ्या जात होत्या, येत होत्या. परत आलेल्या घागऱ्यांचे आरसे गळलेले असायचे. प्लॅस्टिकचे आरसे घेऊ या, असं मी दरवर्षी म्हणायची. अक्काला काचेचेच लागायचे. "पलास्टिकला काय चमक हाय व्हय?" ती संध्याकाळी मांडी घालून तुटके आरसे उसवायची आणि नवे टाकायची.

सहाव्या माळेला तिनं जेवण टाकलं. उपासाची भगरही नको म्हणाली. सातव्या माळेला अंगात कणकण आहे म्हणाली, आणि उपासानं होतं असं, हे तिनंच सांगून टाकलं. तिच्या कपाळाला हात लावला तर भाजत होतं. तरी संध्याकाळी ती फेर धरून उभी. मी दुकानाच्या दारातून तिचे पाय बघत होते. ते नेहमीसारखेच पडत होते. मला वाटलं, मीच उगाच मनात घेऊन बसले आहे, आणि तसं वाटल्यानं जरा बरंही वाटलं.

आठव्या माळेला पाऊस झाला, परतीचा, दणकून. गिऱ्हाईक तुटलं म्हणून मी फरशी पुसायला घेतली. कुंकवाचे ठिपके दारात विरघळून गुलाबी झाले होते. पण आत, मशीनपासून काउंटरपर्यंत, जिथे बायका येतच नाहीत, तिथेही ठिपके होते. ते पाण्यानं गुलाबी होईनात. तपकिरी होऊन चिकटून राहिले होते. आणि ते नुसते इकडेतिकडे पडलेले नव्हते. एका पावलाच्या अंतरानं, एकामागे एक, फक्त डाव्या बाजूला. मी फडकं नाकाशी नेलं. मग फडकं तिथेच टाकून पार्किंगकडे पळाले.

पाऊस थांबला होता आणि फुगडी रंगात आली होती. स्पीकर मोठ्यानं चालू. अक्का मधोमध, समोर शाळेतल्या एक बाई, दोघींचे चवडे भिडलेले, पदर उडतायत, भोवती टाळ्या. मी स्पीकरची वायर ओढली. टाळ्या थांबल्या तरी त्या दोघी थोडा वेळ फिरतच राहिल्या.

"काय झालं गं?" अक्का धापा टाकत म्हणाली.

मी तिला खुर्चीवर ढकललीच म्हणा ना. डावा पाय उचलून मांडीवर घेतला. अंगठ्याच्या मुळाशी तळव्यात एक काळं भोक होतं, भोवती सगळं निळं-लाल फुगलेलं. भोकात काहीतरी चमकत होतं. मी ते नखानं धरलं आणि ओढलं. आरशाचा तुकडा निघाला. आमच्याच घागऱ्याचा, मागे आमच्याच गुलाबी दोऱ्याची गाठ असलेला. त्याच्यामागून जे आलं त्याचा वास आल्यावर शाळेतल्या बाई बाजूला झाल्या.

अक्कानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी रडत होते, हे मला त्यामुळे कळलं. "आगं येडे," ती म्हणाली, "रडतीस कशाला? मला जरा बी दुखत न्हाई."

आजवर बऱ्याच जणांनी माझी बरीच समजूत घातली आहे. त्यातलं एकही वाक्य मला इतकं भयंकर वाटलेलं नाही.

दवाखान्यात चला म्हटलं, तर दोन दिवस थांब म्हणाली. घट उठू दे, मग कुठं न्यायचं तिथं ने. मी ओरडले, हातापाया पडले, काही उपयोग नाही. शेवटी थोरल्या भावजींना, म्हणजे तिच्या यजमानांना, वरून बोलावलं. ते फौजेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. ते आले, गुडघ्यावर बसले, बॅटरी लावून पाय पाहिला. फौजेत लांब चाल झाली की जवानांचे पाय असेच तपासतात, हे त्यांनीच मला मागे कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी बॅटरी बंद केली आणि एवढंच म्हणाले, "मिरजेला जायाचं. आत्ता."

"आवं, देवीला काय सांगू?"

"मी सांगतो," भावजी म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून अक्काच घाबरली. ती उठली. गाडीत बसेपर्यंत मी तिच्या पायाखाली ओढण्या टाकत गेले, दुकानातल्या, नव्या.

मिरजेच्या डॉक्टरांनी आधी अंगठा घेतला. मग शेजारचं बोट. नंतर थोडा आणखी भाग. प्रत्येक वेळी सही करताना भावजी पेन झटकायचे. दसऱ्याला घरचा घट मी उठवला. त्यातलं उगवलेलं धान घेऊन दवाखान्यात गेले आणि तिच्या केसात खोचलं. धान छान उंच आलं होतं. ते बघून तिला आनंद झाला. "बग, देवी रागावली न्हाई," ती म्हणाली. मी मात्र रागावले होते, सगळ्यांवर, देवीवरसुद्धा, आणि अजून आहे.

निघताना तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा मलाच समोर बसवलं. माझ्या तोंडावर असं काय लिहिलेलं असतं कोण जाणे. म्हणाले, एक पाय गेला की लोक दुसऱ्याला विसरतात. उजव्याची अवस्था तीच आहे. दोन्ही पायांत पट्ट्याचे, बंद बूट घालायचे, कायम.

त्याला आता वर्ष झालं. दुकान चालू आहे. आरसे प्लॅस्टिकचे आणले. पार्किंगमध्ये एक कॉलेजातली मुलगी शिकवते, चांगली शिकवते. अक्का कडेला खुर्चीत बसून टाळ्यांनी ठेका देते. फुगडीची वेळ आली की पाणी प्यायच्या निमित्तानं आत येते. कारण अंगठा नसला की चवडा भिडत नाही, तोल जातो. तिनं एकदा घरात, दार लावून, एकटीनं करून बघितलं होतं. पडल्याचा आवाज मी ऐकला आणि ऐकला नाही असं दाखवलं.

डाव्या पायात ती डॉक्टरांनी सांगितलेला बूट घालते. उजव्याचा बूट मात्र पिशवीतून बाहेरच निघाला नाही. "ह्या पायाला काय धाड भरलीया?" म्हणते आणि आपली जुनी चप्पल घालते. यंदा अनवाणी राहणार नाही, असं तिनं मला कबूल केलं आहे. मी तिच्याकडून देवीसमोर वदवून घेतलं.

परवा आम्ही माल घेऊन आलो. रिक्षा कोपऱ्यावर सोडली. पिशव्या माझ्याकडे होत्या, ती पुढे चालली होती, जरा लंगडत, पण नवरात्र आल्याच्या खुशीत, कुठला रंग कुठल्या दिवशी ते मला मोठ्यानं सांगत. भाजीवालीनं हाक मारली. मी वळून पाहिलं नाही. तिला काय म्हणायचं आहे ते मला ठाऊक होतं.

अक्का बोलत बोलत पुढे चालली होती. तिचा उजवा पाय खडीवर पडत होता, नुसता.