जेवलतो

इंग्रजीच्या क्लासात सरांनी मला उभं केलं. "क्लासला येण्याआधी तुम्ही काय केलं होतं? आधी मराठीत सांगा, मग इंग्रजीत."

मी म्हणाले, "क्लासला यायच्या आधी मी जेवलतो."

सर फळ्याकडं वळले. मोठ्या अक्षरांत लिहिलं, जेवलतो. खाली रेघ मारली. "बाई आहात ना तुम्ही?"

सगळा वर्ग हसला. आमच्याकडं बायका असंच बोलतात. मी आलो, मी गेलतो, म्हणजे गेले होते. माझी आई, तिची आई. सरांना माहीत नव्हतं असं नाही, तेही कोल्हापूरचेच. मग त्यांनी हजेरीची वही उघडली. माझं आडनाव वाचलं, सावकाश, दोनदा. म्हणाले, "कोट्यात सीट मिळते हो. टेन्स नाही मिळत."

वर्ग पुन्हा हसला, जरा कमी. इंग्रजी वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. आय हॅड ईटन. ते कुणी विचारलंच नाही. 'बसा' असंही कुणी म्हणालं नाही. मीच बसले.

मी दिवसा एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. बीएस्सी फर्स्ट क्लास. एका मुलाखतीत इंग्रजीवरून परत पाठवलं, म्हणून क्लासला नाव घातलं होतं. त्या दिवसानंतर मी बोलणंच कमी केलं. पेशंटला "मूठ आवळा", बास. आईच्या फोनवर व्हय म्हणायचीसुद्धा लाज वाटायला लागली.

रविवारी नेसरीला घरी गेले. आई दुसऱ्याच्या रानात भांगलणीला, तण काढायला जाते. चूल पेटवत म्हणाली, "तू यायच्या आधी मी रानात जाऊन आलतो."

मी खेकसले, "आलतो काय? आले होते म्हण. बाई आहेस ना तू?"

सरांचं वाक्य. माझ्या तोंडातून.

आईनं चुलीत लाकूड सारलं. "बरं," म्हणाली. मग दिवसभर माझ्याशी बोलताना चाचपत बोलली. "मी पाणी... आणले होते." मजुरीवरून बांधावर मालकाला ऐकवणारी बाई ती. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोरीपुढं शब्द शोधत होती.

परत येताना एसटीत वही उघडली. नियम लिहिलेला होता. दोन गोष्टी घडल्या, त्यातली जी आधी घडली तिला हॅड लावायचं. मी आईचं वाक्य आठवलं. तू यायच्या आधी मी जाऊन आलतो. आधीची गोष्ट, नंतरची गोष्ट, सगळं जागच्या जागी. शाळेची पायरी न चढलेली बाई हा काळ जन्मभर बिनचूक वापरत होती. आणि मी तिला चुकीची ठरवून आले होते. गडहिंग्लज मागं पडलं तरी वही मांडीवर तशीच उघडी होती.

सोमवारी सरांनी विचारलं, "कोण वाक्य सांगणार?" मी न विचारता उठले.

"यू हॅड रेड माय सरनेम बिफोर यू हर्ड माय इंग्लिश."

माझं इंग्रजी ऐकण्याआधीच तुम्ही माझं आडनाव वाचलं होतं. वर्गात सगळ्यांना कळलं. कुणी हसलं नाही.

"बसा," सर म्हणाले.

"ह्यात चूक काय हाय ते सांगा, मग बसतो."

"ग्रामर बरोबर आहे. पण..."

"कोट्याचं सगळ्यांसमोर बोललासा, सर. सगळ्यांसमोरच मागं घ्या."

"मला वाद घालायचा नाही." त्यांनी पुढचा धडा सुरू केला. मी तास संपेपर्यंत उभी राहिले. पाय भरून आले. माझ्याबरोबर कुणी उठलं नाही.

त्याच रात्री आईला फोन केला. "आई, मी चुकलो." ती म्हणाली, "असू दे की." पण अजून माझ्याशी बोलताना ती मधेच थांबते, शब्द बदलते. ते माझ्या हातून झालंय. ते मला कुणाच्या अंगावर ढकलता येत नाही.

सरांनी शब्द मागं घेतलेला नाही. मी पहिल्या बाकावर बसते. हजेरीत माझं नाव आलं की उभी राहते. "हजर हाय, सर. त्या बोलण्याचं काय केलासा?" ते पुढचं नाव घेतात. कोर्स संपायला दोन महिने आहेत. मी एकही तास चुकवणार नाही. आणि एकही दिवस हे विचारल्याशिवाय बसणार नाही.