पार्ट यायचाय

हिंदुराव मिस्त्रीला 'नाही' म्हणता येत नसे. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर त्याचं मोटरसायकलचं गॅरेज. हाताला गुण होता, पण माणूस भिडस्त. येईल त्याची गाडी ठेवून घ्यायचा, आणि काम रखडलं की प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचा, "पार्ट यायचाय." पार्ट बहुतेक वेळा आलेला असे, कधी तर लागतच नसे. एमआयडीसीतले कामगार शिफ्टला जाताना मुद्दाम रिक्षातून ओरडून विचारत, "काय मिस्त्री, आला का पार्ट?" त्याच्या बायकोने, कौसाबाईने, मिक्सर त्याच्याकडेच दुरुस्तीला दिला होता, त्याचाही पार्ट यायचाच होता. ती म्हणे, ह्यांना न्यायला यम आला तरी हे त्याला पार्ट यायचाय म्हणून परत धाडतील. या थापेनं कुणाचं काही बिघडलं नव्हतं, म्हणून त्या थापेला कुणी खोटं म्हणतही नव्हतं.

त्याचा एकुलता एक मुलगा अक्षय एका कंपनीत कामाला होता. बदलापूरच्या त्याच्या मित्रांनी आपापल्या गाड्यांचे कॅम, म्हणजे इंजिनातले वाल्व्ह दाबणारे दांडे, बदलून घेतले होते. गाडी गोळीसारखी सुटते म्हणे. एका रविवारी अक्षयने उल्हासनगरहून नवा कॅमशाफ्ट आणला आणि बापापुढे ठेवला. पप्पा, एवढा बसवून द्या, म्हणाला.

हिंदुरावाने कॅमशाफ्ट उचलून फिरवून बघितला. अपघाताच्या गाड्या त्याच्याच गॅरेजात येत. घरच्यांनी हँडल पुसलेलं असे, पण रबराच्या खाचांत रक्त वाळून काळं पडलेलं असे, आणि हा रॉकेल नि जुना ब्रश घेऊन ते काढत बसे. मी हे बसवणार नाही, एवढंच त्याने म्हणायला हवं होतं. दुसरा कुणी बाप असता तर दोन लगावून मोकळा झाला असता. पण अक्षयने अबोला धरला की महिना महिना धरायचा, आणि तो याला सोसत नसे.

म्हणून त्याने खरं तेच सांगितलं. नुसता कॅम बसवून भागत नाही. हा कॅम वाल्व्ह जास्त खोल दाबतो, ते वेळेवर परत यायला कडक स्प्रिंगा लागतात. नाहीतर जोरात पळवताना वाल्व्ह खालीच अडकतो आणि पिस्टन त्यावर आपटतो. शिवाय टायमिंग चेन हवी, रॉकर हवेत, गॅस्केट हवं. सगळं येऊ दे, मग इंजिन खोलू.

चेन आली, गॅस्केट आलं, रॉकरही आले. अक्षयने ते स्वतः फळीवर मांडून ठेवले. स्प्रिंगा उल्हासनगरचा दुकानदार बाहेरून मागवणार होता. हिंदुराव ऑइल आणायला तिकडे गेला तेव्हा दुकानदाराने स्प्रिंगांचं पाकीट त्याच्याच हातात दिलं. हिंदुरावाने ते गॅरेजातल्या खणात, झिजलेल्या चेनच्या खाली घातलं. संध्याकाळी पोराने विचारलं तेव्हा म्हणाला, "पार्ट यायचाय."

पोरगा कंटाळेल, लग्नाचं बघायला लागलं की हे खूळ जाईल, असं त्याला वाटलं. आपण फार शहाणपणा केला असंही वाटलं. त्यापेक्षा तो कॅम उचलून वालधुनी नदीत फेकला असता तर बरं झालं असतं.

अक्षय कंटाळला खरा, पण वाट बघायला. बाप एका लग्नाला गेलेला बघून त्याने फळीवरचं सगळं उचललं आणि उल्हासनगरच्या एका पोराकडून बसवून घेतलं. गाडीच्या मूळच्याच स्प्रिंगांवर चालून जाईल, बिनधास्त, असं तो पोरगा म्हणाला. काही दिवस चाललीही. मग बदलापूरच्या पुढे, भर वेगात, इंजिन जाम झालं आणि मागचं चाक तिथंच थांबलं. मागून टेम्पो येत होता. अक्षयचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

इंजिन हिंदुरावाने स्वतः उघडलं. वाल्व्ह वाकला होता आणि पिस्टनच्या डोक्यावर त्याचा ठसा उमटला होता. हे त्याला इंजिन न उघडताही ठाऊक होतं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अक्षय सांगे, पप्पांनी बजावलं होतं, स्प्रिंगशिवाय नको, मीच ऐकलं नाही. पाहुणे मान डोलावत, बापाचं ऐकावं म्हणत. हिंदुराव उठून बाहेर जाई. कौसाबाईला वाटे, पोराचं दुःख ह्यांना बघवत नाही.

शेवटी एका सकाळी त्याने ते पाकीट खिशात घातलं आणि पोराच्या कॉटवर येऊन बसला. आज सांगायचंच, मग त्याने जन्मभर तोंड बघितलं नाही तरी चालेल, असं ठरवून आला होता. अक्षय चादरीकडे बघत होता. जिथे पाय असायला हवा, तिथे ती सपाट पडली होती.

"पप्पा," त्याने विचारलं, "त्या स्प्रिंगा आल्या का हो शेवटी?"

हिंदुरावाचा हात खिशावर गेला.

"नाही रे," तो म्हणाला. "यायच्यात अजून."

"मग नको म्हणून सांगा त्या दुकानदाराला. तुम्ही उगाच हेलपाटे घालू नका."

हिंदुराव बरं म्हणाला, आणि खिशावरचा हात तसाच ठेवून बसून राहिला.