डोळ्यांपुढचं धरण

वडिवळ्याचे आबा डायलिसिसला आले की आधी टोपी काढून, घडी करून उशीखाली ठेवतात. पेशंटना झोप लागावी म्हणून मी तिथे अंग सैल सोडायचा व्यायाम शिकवते. आबा मी सांगेन तशी पायाची बोटं आवळतात, सोडतात. शेवटी मी म्हणायचे, "डोळे मिटा. भरलेलं धरण बघा, गार पाणी." आबा ओठांवरून जीभ फिरवायचे. मला वाटायचं, छान रमलेत.

महिन्याभराने ते हळूच म्हणाले, "ताई, बाकी समदं ब्येस हाय. तेवढं धरणाचं नका सांगू. डाक्टरनी दिवसाला दोनच पेले पाणी सांगितलंय. मग रातभर तेच दिसतं."

"आधी का नाही बोललात?"

"तुमी लय मनापासनं सांगत व्हता."

माझ्या हातात पाण्याची बाटली होती. ती कुठे ठेवावी, मला कळेना.