कुरामोची-सानची दिनचर्या

चारुता शिकली चिंचवडच्या मराठी शाळेत. कॉलेजात पहिल्यांदा इंग्रजीतून बोलायची वेळ आली तेव्हा तिची जीभ टाळ्याला चिकटली होती, आणि ती फजिती ती कधी विसरली नाही. त्यामुळे २०१४ साली, नवऱ्याच्या आयटी कॉन्ट्रॅक्टवर जपानमधल्या उरायासुला येऊन वर्ष झाल्यावर, सिटी हॉलच्या बाईंनी विचारलं, "आमच्या ज्येष्ठांना इंग्रजी बोलायला शिकवाल का?" तेव्हा ती लगेच हो म्हणाली.

दर बुधवारी सकाळी दहाला सहा जण यायचे. चारुताला ते सेन्सेई, म्हणजे बाई, म्हणायचे. विषय ठरलेला, रोजची दिनचर्या. ओगाता-सान रेल्वेतून निवृत्त झालेले; नावापुढचं 'सान' म्हणजे आपलं 'राव' किंवा 'बाई'. ते उभे राहून सांगायचे, "सहाला उठतो. सहा वीसला दात घासतो. सहा चाळीसला नाश्ता करतो." बाकीचे माना डोलवायचे आणि मग सगळे गप्प.

"ओगाता-सान, हे वेळापत्रक झालं," चारुता हसून म्हणाली. "गप्पा अशा नसतात. प्रत्येक वाक्याला एक जादा गोष्ट जोडा. कसला वास येतो, काय कुरकुरतं, कशाचा वैताग येतो. आणि ऐकणाऱ्यानं एक तरी प्रश्न विचारायचाच."

ही युक्ती सगळ्यांत आधी साधली ती कुरामोची-सानना. सत्तरीच्या, बारीक चणीच्या बाई. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी साडेपाचला उठते. बाल्कनीचं दार उघडते. ते अडकतं. आधी जरा उचलावं लागतं, मग ढकलायचं."

"आमचंही तसंच आहे," चारुता म्हणाली, आणि वर्गाला सांगितलं की बघा, गप्पा अशा सुरू होतात.

पुढच्या बुधवारी कुरामोची-साननी स्वयंपाकघराचं सांगितलं. ओट्यावर फळ ठेवलं की ते आपोआप फ्रिजच्या बाजूला घरंगळतं. चारुताच्या ओट्यावरून टोमॅटो तसेच घरंगळायचे. तिला नवल वाटलं नाही. २०११च्या भूकंपात उरायासुची भराव टाकलेली जमीन पातळ होऊन खचली होती, आणि गावात कितीतरी घरं थोडी थोडी कलली होती. तिची तीन मजली इमारत त्यातलीच. डागडुजी करून मालकानं ती स्वस्तात भाड्यानं दिली होती.

तिसऱ्या बुधवारी कुरामोची-सान म्हणाल्या, "कोपऱ्यातल्या खोलीत भिंतीतलं कपाट आहे. पावणेआठला त्याचं दार सरकतं, एवढंसं." त्यांनी वीतभर अंतर दाखवलं. "माझे यजमान कोट काढतात. आठला दहा कमी असताना ते निघतात. मी म्हणते, जाऊन या."

चारुताच्या हातातला खडू फळ्यावर थांबला. तिच्या कोपऱ्यातल्या खोलीतलं कपाट रोज सकाळी वीतभर उघडं सापडायचं. त्यावरून ती केतकीला रागवायची. केतकी म्हणजे तिची सात वर्षांची मुलगी.

घरी येऊन तिनं नवऱ्याला, सत्यजितला, सांगितलं. त्यानं मोबाइल जमिनीवर ठेवून उतार मोजला. "अर्ध्या अंशाहून जास्त आहे. दार सरकणारच," तो म्हणाला, आणि त्याच्यापुरता विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सत्यजित नेहमीप्रमाणे सव्वासातला गेला. चारुता डबा भरत होती. केतकी टेबलाशी बसून दूध पीत होती. पिता पिता ती दाराकडे पाहून म्हणाली, "इत्तेराश्शाई." बाहेर निघालेल्या माणसाला घरातल्यांनी म्हणायचा हा शब्द. आपण 'जाऊन या' म्हणतो, तसा.

चारुतानं घड्याळ पाहिलं. आठला दहा कमी.

"कुणाला म्हणालीस गं?"

"ओजिसान," केतकीनं जपानीतच उत्तर दिलं. म्हणजे काका.

"कोण काका?"

"रोज जातात ते." तिनं ओठावरचं दूध पुसलं आणि दप्तर शोधायला गेली.

पुढचे सहा दिवस चारुता पावणेआठला त्या खोलीत जाऊन उभी राहिली. एकदाही दार हलताना तिला दिसलं नाही. पण ती पाणी प्यायला किंवा भाजी ढवळायला वळली, की परत आल्यावर ते उघडं असायचं.

बुधवारी वर्ग सुटल्यावर तिनं कुरामोची-सानना थांबवलं. "तुम्ही कुठे राहता?"

"ग्योतोकुला. माझी धाकटी बहीण सेत्सुको, तिच्याकडे."

"मग ते बाल्कनीचं दार? ते कपाट?"

"ते माझं घर आहे," कुरामोची-सान शांतपणे म्हणाल्या. "आता तिथे तुम्ही राहता, सेन्सेई. तुम्हाला कपडे वाळत घालताना मी खालून पाहिलं आहे. तुम्ही माझी दोरी वापरता."

मग त्यांनी थांबत थांबत सगळं सांगितलं. यजमान मासळीच्या गोदामांना लागणारी शीतयंत्रं विकायचे. २०११च्या दहा मार्चला सकाळी ते उत्तरेला, मियागीच्या किनाऱ्यावर गेले. दुसऱ्या दिवशी समुद्र आत आला. ते सापडले नाहीत. इकडे इमारत कलली, पाणी गेलं, आणि आठवड्याभरात सगळ्यांना बाहेर काढलं.

"म्हणजे ते जायचे," चारुता अगदी हळू म्हणाली. शिक्षिकेची सवय, भूतकाळ तोंडातून निघून गेला.

"नाही. जातात." कुरामोची-साननी तिच्याकडे पाहिलं. "त्यांना नवा पत्ता माहीत नाही ना."

चारुतानं त्यांना घरी बोलावलं. त्यांनी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा मान तुकवली.

गुरुवारी सकाळी साडेसातला त्या आल्या, हातात मिठाईचा खोका घेऊन. त्यांनी चपला काढल्या आणि बोळासारख्या अरुंद पॅसेजमध्येच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. केतकीला त्याआधीच शेजारी पाठवायचं चारुतानं ठरवलं होतं, पण पोरगी दप्तर लावून तिथेच उभी राहिली होती आणि हलेना.

कोपऱ्यातल्या खोलीत लाकूड लाकडावर घासल्याचा आवाज झाला. कुरामोची-सान कमरेत वाकल्या आणि जपानीत बोलू लागल्या, वाट चुकलेल्याला रस्ता सांगावा तशा. चारुताचं जपानी बाजारहाटापुरतं. तिला तुटक तुटक कळलं. ग्योतोकु. स्टेशनातून डावीकडे. पोस्ट ऑफिस. तिसरा मजला. सेत्सुको रागावणार नाही.

मग केतकी बाजूला सरकली. अरुंद जागेत समोरून माणूस आला की आपण अंग चोरतो, तशी भिंतीला टेकली आणि दप्तर पोटाशी ओढून घेतलं. कुरामोची-सानही अर्धं पाऊल मागे सरल्या. दोघींच्या नजरा एकाच वेगानं बाहेरच्या दाराकडे गेल्या. चारुताला काहीच दिसलं नाही, हे ती आजही ठामपणे सांगते. दार बंद होतं. फक्त त्याची साखळी हलत होती.

त्या दिवसापासून कपाट उघडं राहिलं नाही. केतकीनं तो शब्द पुन्हा म्हटला नाही, आणि विचारलं तर म्हणाली, "आता येत नाहीत."

पुढच्या बुधवारी कुरामोची-सान वर्गात उभ्या राहिल्या. "माझे यजमान आता सात पस्तीसला निघतात. स्टेशन जरा लांब पडतं."

"कुठली लाइन घेतात?" ओगाता-साननी विचारलं. त्यांचा स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"तोझाई."

"त्या वेळेला फार गर्दी असते."

"हो. उभंच राहावं लागतं. कोट चुरगळतो."

"पहिल्या डब्यात चढायला सांगा. तिथे जरा मोकळं असतं."

"सांगते," त्या म्हणाल्या.

इतकं सहज इंग्रजी त्या वर्गात आजवर कुणी बोललं नव्हतं. चारुतानं एकही काळ दुरुस्त केला नाही.

२०१६ साली सत्यजितची बदली योकोहामाला झाली. निरोपाच्या दिवशी कुरामोची-सानबरोबर त्यांची बहीण आली होती. सेत्सुको-सान. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. ताई फोटोसाठी पुढे गेल्यावर त्या चारुताजवळ आल्या. तिला कळावं म्हणून अगदी सावकाश बोलल्या.

"ताई आता आनंदात असते. तुमचे उपकार आहेत."

चारुतानं मान लववली.

"घर लहान आहे आमचं," सेत्सुको-सान म्हणाल्या. "सकाळी ते माझ्या अंथरुणावरून पलीकडे जातात. मी डोळे मिटून पडून राहते." मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे होते तेव्हा, सेन्सेई, ते संध्याकाळी परत यायचे का? आमच्याकडे नुसतेच जातात."

संध्याकाळी दाराकडे चारुतानं कधी पाहिलंच नव्हतं.