टीव्हीवर न वाजलेलं गाणं

बाजारात वाळल्या मोहफुलांचा वास आला की कुरखेड्यातली ती संध्याकाळ आठवते. गावातल्या पोरांचा रॉक बँड पहिल्यांदाच टीव्हीवर दिसणार होता आणि आम्ही दहा-बारा चाहते ड्रमरच्या घरी जमलो होतो. तीन गाणी झाली, कार्यक्रम संपला. पण मोहफुलं वेचताना वाघाने नेलेल्या बाईवरचं त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं काही वाजलं नाही. “चॅनेलवाल्यायनं कापलं,” एकजण म्हणाला. “नाई, वरून फोन आला असन,” दुसऱ्याने ठासून सांगितलं. मला तर ड्रमरच घाबरला असावा असा संशय होता. मी त्याच्या वडिलांना सरळ विचारलं, “भाऊ, तुमचं पोरगं भेलं काऊन?” ते टीव्हीकडेच बघत म्हणाले, “भेला नाई. मीच म्हनलो त्याले. ते गानं लागलं का मी उठून बाहेर जातो. एक डाव तरी मले बसून त्याले पाहू दे.” टीव्हीच्या वर ड्रमरच्या आईचा हार घातलेला फोटो होता. त्या गाण्यावर एवढी वर्षं शिट्ट्या मारताना ती बाई कोण, हे आम्ही खरंच विसरलो होतो का, असा संशय आता माझा मलाच येतो.